सहा लाखांत कोल्हापुरात सॉफ्टवेअरचा धंदा: आधी काय घ्यायचं, काय नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग कोल्हापुरातच झालं, आता पुण्यात एका कंपनीत टेस्टिंगचं काम करताय आणि घरी कसबा बावड्याला परत यायचंय. मावसभावाचं राजारामपुरीत कॉम्प्युटर दुरुस्ती आणि सीसीटीव्हीचं दुकान आहे. दोघांचे मिळून सहा लाख आहेत, आणि कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर करायचं डोक्यात आहे. मॅकबुक घ्यावा का, ताराबाई पार्कात ऑफिस घ्यावं का, प्रायव्हेट लिमिटेड काढावी का, आणि कारखान्यांना नेमकं काय विकावं, असे चार प्रश्न विचारलेत.

शिरोली आणि गोकुळ शिरगाव या औद्योगिक वसाहतींतल्या कारखान्यांत नेटवर्क आणि सॉफ्टवेअरची कामं करण्यात माझं निम्मं आयुष्य गेलंय. तेव्हा चौथ्या प्रश्नापासून सुरू करतो. काय विकायचं ते ठरलं की लॅपटॉप, ऑफिस आणि कंपनी यांची उत्तरं बरीचशी आपोआप मिळतात.

तुम्ही लिहिलंय, "छोट्या फाउंड्रींसाठी संपूर्ण ईआरपी." म्हणजे ओतकामाच्या कारखान्याची खरेदी, साठा, उत्पादन, हिशेब सगळं एकाच सॉफ्टवेअरमध्ये. तो विचार सध्या बाजूला ठेवा. फाउंड्रीवाल्याकडे हिशेबाला टॅली असतंच, आणि कायद्याच्या रेट्यामुळे ते नीट वापरलंही जातं. पाच कोटींच्या वर उलाढाल असेल तर १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइस, म्हणजे जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर नोंदलेलं बिल, लागतो. दहा कोटींच्या वर असेल तर १ एप्रिल २०२५ पासून बिल तीस दिवसांच्या आत पोर्टलवर चढवावं लागतं. हे सगळं अकाउंटंट आणि सीए मिळून सांभाळतात. तिथे नव्या माणसाला कुणी हात लावू देणार नाही, आणि का द्यावा?

खरा गोंधळ फाउंड्रीचं गेट आणि मशीन शॉपचं गेट यांच्या मधे असतो. तुम्ही टेस्टिंगवाल्या आहात, कागदावरचा आणि प्रत्यक्षातला फरक शोधणं हेच तुमचं काम, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो.

कास्टिंग ओतलं, फेटलिंग (जादा धातू काढणं) झालं, शॉट ब्लास्टिंग (छर्‍यांच्या माऱ्याने सफाई) झालं की ते जॉबवर्कला, म्हणजे बाहेरच्या मशीन शॉपकडे मजुरीवर मशीनिंगला, जातं. कधी वसाहतीतच दोन गल्ल्या सोडून, कधी उद्यमनगरात. डिस्पॅचचा माणूस कार्बन घालून चलन लिहितो: अमुक पार्ट, २५० नग. मशीन शॉपमधून माल एकदम परत येत नाही, तीन-चार खेपांत येतो. समजा शेवटी २३८ नग चांगले आले, ७ सीआर म्हणजे कास्टिंग रिजेक्शन, ३ एमआर म्हणजे मशीनिंग रिजेक्शन. झाले २४८. दोन नग कुठे गेले? त्यात बोरिंगचा चुरा वजनावर परत येतो, नगावर नाही, त्यामुळे तोही हिशेब जुळत नाही. आणि मुख्य भांडण त्या सात सीआरवर असतं. कास्टिंगच्या आतला ब्लो होल, म्हणजे हवेची पोकळी, मशीनिंग झाल्यावरच दिसतो. तोवर मशीन शॉपचा वेळ आणि टूल दोन्ही खर्ची पडलेलं असतं. ते मजुरी मागतात, फाउंड्री म्हणते सेटिंगच चुकलं होतं, हा एमआर धरा. हे बोलणं महिनाअखेरीला होतं, तेव्हा तो नग भंगारात जाऊन पुन्हा भट्टीत वितळलेला असतो. मग डेबिट नोट (पैसे कापल्याची चिठ्ठी), मग रुसवाफुगवी, मग पेमेंट अडकतं.

यात जीएसटीचीही बाजू आहे. जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल एका वर्षात परत आला नाही, तर तो पाठवला त्याच दिवशी विकला असं धरून त्यावर कर आणि व्याज लागतं. त्याचा तपशील जीएसटीच्या आयटीसी-०४ या फॉर्ममध्ये भरायचा असतो, पाच कोटींच्या वर उलाढाल असेल तर सहा महिन्यांनी, नाहीतर वर्षातून एकदा. ती वेळ आली की अकाउंटंट चलनांचे गठ्ठे सोडून बसतो. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक कारखान्यांत हे अजून वहीवर नाहीतर एक्सेलवर चालतं.

तुम्ही एवढंच करा. चलन गेलं, माल आला, शिल्लक किती, किती दिवस झाले. आणि सीआर लावताना तिथल्या तिथे हीट नंबरसह (भट्टीच्या कोणत्या घाण्यातला नग ते) नगाचा फोटो, जो दोन्ही बाजूंना त्याच मिनिटाला दिसेल. हे एक काम इतकं चोख करा की महिनाअखेरीला कुणाला आवाज चढवावा लागू नये. बाकी ईआरपी नंतर मालक स्वतःच मागतील, आणि तेव्हा त्यांना नेमकं काय हवंय ते तुम्हाला त्यांच्यापेक्षा जास्त कळलेलं असेल.

करताना काही गोष्टी सांभाळा. स्क्रीन मराठीत ठेवा, बटणं मोठी ठेवा, कारण वापरणाऱ्याच्या हाताला तेल आणि काळी वाळू लागलेली असते. नेट गेलं तरी नोंद झाली पाहिजे आणि नेट आलं की ती आपोआप वर गेली पाहिजे. कास्टिंगवर बारकोडचा स्टिकर चिकटवायचा मोह होईल, पण तो टिकत नाही. माल गरम असतो, मग ब्लास्टिंग, मग कूलंट. नग सोडा, बिनला किंवा ट्रॉलीला पत्र्याचा नंबर लावा आणि नोंद तिच्या नावाने ठेवा. चलनाची प्रिंट मागतीलच, तेव्हा तीन प्रतींसाठी डॉट मॅट्रिक्स चालला पाहिजे. वजनकाट्यावर तो अजून आहे, आणि त्याला कारण आहे: कार्बनच्या सगळ्या प्रती एकाच वेळी छापल्या जातात. तो बदलायला लावू नका.

आता पहिली तीन गिऱ्हाइकं कुठून आणायची? मावसभावाच्या एएमसीच्या, म्हणजे वार्षिक देखभाल करारांच्या, यादीतून. तुम्ही लिहिताना त्याचं दुकान जरा कमी लेखल्यासारखं वाटलं. उलट तुमच्याकडची सगळ्यात किमती गोष्ट ती आहे. तो कारखान्याच्या गेटवर गेला की वॉचमन त्याला नावाने ओळखतो. तुमचं प्रेझेंटेशन कितीही देखणं असलं तरी अनोळखी माणसाला शिरोलीत मालकाच्या केबिनपर्यंत पोचायला महिने लागतात. मालकाला भेटण्याआधी डिस्पॅचच्या टेबलाशी दोन दिवस नुसतं बसून बघायची परवानगी मिळवा, पैसे न मागता. त्या दोन दिवसांत जे दिसेल ते कुठल्याही मीटिंगमध्ये कुणी सांगत नाही.

दुसरं एक काम तुमच्या हाताशी आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गची प्रकरणंही इथे येतात. वकिलांची नवी ऑफिसं उभी राहतात आणि त्यांना चांगला स्कॅनर, ई-फायलिंगसाठी नीट बनवलेल्या पीडीएफ, पक्षकारांच्या फायलींचा भरवशाचा बॅकअप हे सगळं लागतं. हे भावाच्या दुकानाचं काम आहे, त्याने ते मन लावून करावं. सॉफ्टवेअरला गिऱ्हाईक मिळेपर्यंत घर त्यावर चालेल.

कोल्हापुरी चपलांच्या ऑनलाइन विक्रीचाही उल्लेख केलाय तुम्ही. भौगोलिक मानांकन २०१९ मध्ये मिळालं, नाव जगभर झालंय, हे खरं. पण तिथे अडचण वेबसाइटची नाही, मापाची आहे. हाताने शिवलेला जोड एकाच नंबरात थोडा पुढे-मागे होतो, गिऱ्हाईक परत पाठवतं, आणि दोन्ही बाजूंचं कुरिअर नफा खाऊन टाकतं. चर्मकार कुटुंबांशी बसून मापाची पद्धत बसवणारा कुणी भेटला तर त्याला जरूर मदत करा. नुसती साइट काढून देऊन पैसे घेऊ नका.

लॅपटॉप. आयफोनसाठी ॲप करायचं असेल तर मॅक लागतो. तुमचं गिऱ्हाईक अँड्रॉइड वापरतं, तेव्हा दीड लाखाच्या मॅकबुकचं कारण उरत नाही. मधल्या किमतीचा बिझनेस श्रेणीतला विंडोज लॅपटॉप घ्या. १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एनव्हीएमई एसएसडी, आणि रॅमचा निदान एक स्लॉट मोकळा असलेला. हे शेवटचं दुकानदाराला स्पष्ट विचारा, कारण पुष्कळ पातळ मॉडेल्समध्ये रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली असते. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव बरेच चढलेत, तेव्हा आधी कमी घेऊन नंतर स्वस्तात वाढवू हा हिशेब सध्या धरू नका.

प्रोसेसरच्या नावाला भुलू नका. "आय-फाइव्ह आहे" एवढं ऐकून काही कळत नाही, कुठल्या पिढीचा आणि पुढचं अक्षर कोणतं ते पाहायचं. एएमडीत तर आणखी सावध राहा. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू ही नावं शेजारशेजारची वाटतात, पण पहिल्यात जुना झेन २ गाभा आहे आणि दुसऱ्यात झेन ३. त्या चार आकड्यांतला तिसरा आकडा गाभ्याची पिढी सांगतो. सेलच्या जाहिरातीत स्वस्त दिसणारा सहसा पहिला असतो.

वॉरंटी ऑनसाइट घ्या, तीन वर्षांची. बॉक्सवर एक वर्षाची असते, वाढवायला थोडे पैसे जातात. पण कॅरी-इन वॉरंटीत लॅपटॉप सर्व्हिस सेंटरला गेला, पार्ट पुण्या-मुंबईहून आला, आणि तुम्ही दहा दिवस रिकाम्या बसलात, तर त्या दिवसांची किंमत कोण देणार? भावाच्या दुकानात एक जुना पण चालू लॅपटॉप तुमच्या सगळ्या सेटिंगसह तयार ठेवा.

रिफर्बिश्ड घ्यायला माझी हरकत नाही, उलट दुसऱ्या मशीनसाठी तोच घ्या. मात्र विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलची साधारण आठव्या पिढीपासूनचीच मशीनं चालतात. त्यामुळे कंपन्यांनी काढून टाकलेली सहाव्या-सातव्या पिढीची मशीनं बाजारात भरपूर आलीत, आणि त्यांत काहीतरी जुगाड करून विंडोज ११ घालून विकतात. घेताना पिढी विचारा, बॅटरीचा रिपोर्ट समोर काढून बघा. भावालाही सांगा, गिऱ्हाइकाला असं मशीन देऊ नकोस. पुढच्या अपडेटला अडलं की फोन त्यालाच येणार.

फोनबद्दल फार सांगण्यासारखं नाही. धंद्याचा नंबर वेगळा घ्या आणि तो कुणा कामगाराच्या नावावर ठेवू नका. एक मात्र करा: चार जीबी रॅमचा, स्क्रीनला तडा गेलेला एखादा जुना अँड्रॉइड विकत घ्या. डिस्पॅचवाल्याच्या खिशात तसाच फोन असतो. तुमचं ॲप त्यावर तीन सेकंदांत उघडलं नाही तर ते वापरलं जाणार नाही.

आता ज्यावर कुणी प्रश्न विचारत नाही पण धंदा ज्यावर मोडतो, त्या विजेबद्दल. फाउंड्रीत इंडक्शन फर्नेस चालू झाली की लाइनवर त्याचा परिणाम दिसतो. व्होल्टेज हलतं, हार्मोनिक्स (विजेच्या लहरीतली विकृती) येतात, आणि ऑफिसातला कॉम्प्युटर कारण नसताना रीस्टार्ट होतो. दोष मग सॉफ्टवेअरवर येतो. म्हणून बसवायला जाताना मल्टिमीटर सोबत न्या आणि न्यूट्रल-अर्थिंगमधलं व्होल्टेज मोजा. दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर आधी इलेक्ट्रिशियन बोलावून अर्थिंग करून घ्या, तोवर आपलं मशीन लावू नका, हे मालकाला लेखी कळवा. साध्या सहाशे व्हीएच्या यूपीएसमधून ३६० वॅटच्या आसपासच मिळतात आणि बॅकअप दहा-पंधरा मिनिटांचा. मशीन नीट बंद करायला तेवढा पुरतो, काम चालू ठेवायला नाही. आत बारा व्होल्ट सात एएचची बॅटरी असते, ती दोन-तीन वर्षांत जाते. तिच्या बदलीची तारीख यूपीएसवरच मार्करने लिहून ठेवा. राऊटरला वेगळा छोटा डीसी यूपीएस लावा, नाहीतर कॉम्प्युटर चालू आणि नेट बंद अशी गत होते.

धुळीचं तसंच. मोल्डिंगच्या बाजूला साधा पंख्याचा पीसी ठेवला तर काळी धूळ बोर्डावर बसते, आणि तिच्यात कोळशाचा अंश असल्याने ती वीज वाहते. तिथे बिनपंख्याचा मिनी पीसी किंवा फिल्टर लावलेला बंद पत्र्याचा कपाट. दोन शेडमधे नेटवर्क न्यायचं असेल तर तांब्याची कॅट-६ नको, फायबर टाका. दोन इमारतींच्या अर्थिंगमधे फरक असतो, वळवाच्या पावसात वीज कडाडली की तांब्याच्या केबलवरून दोन्हीकडचे स्विच एकदम जातात. फायबर आणि दोन कन्व्हर्टर यांचा खर्च एका स्विचच्या किमतीच्या जवळपास येतो.

बॅकअपबद्दल तुम्हाला इंजिनिअर म्हणून सांगायला नको, पण इथल्या सवयींबद्दल सांगायला हवं. पहिली सवय, हार्डडिस्क कायम पीसीला लावून ठेवायची. रॅन्समवेअर (डेटाला कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस) आला की तो लावलेली डिस्कही बंद करतो. दुसरी त्याहून वाईट: मालकाला घरून टॅली बघायचं असतं म्हणून रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट राऊटरवर थेट उघडा टाकून दिलेला असतो. माझ्या पाहण्यात कारखान्यांचा डेटा गेला तो बहुतेक याच दारातून. भावाच्या यादीतल्या प्रत्येक गिऱ्हाइकाकडे जाऊन तो पोर्ट बंद करा आणि व्हीपीएन (बाहेरून आत येण्याचा सुरक्षित मार्ग) लावून द्या. नव्या ओळखीसाठी यापेक्षा चांगलं निमित्त मिळणार नाही. डेटाच्या तीन प्रती ठेवा, दोन वेगवेगळ्या साधनांवर, एक प्रत जागेच्या बाहेर. आणि महिन्यातून एकदा त्यातून डेटा परत आणून बघायचा. जो बॅकअप कधी उघडून पाहिला नाही तो आहे असं धरू नका.

बाहेरची प्रत म्हणजे किती बाहेर, हे बावड्याच्या माणसाला सांगायची गरज नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी पन्नास फुटांच्याही वर गेलं, शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला. शाहूपुरीत तळमजल्यावर ठेवलेले सर्व्हर आणि शेजारच्याच इमारतीत ठेवलेला त्यांचा बॅकअप, दोन्ही एकाच पाण्यात गेल्याचं मी पाहिलंय. एक प्रत क्लाउडवर ठेवा, सर्व्हर कधीही तळमजल्यावर नको, आणि मे महिन्यात गिऱ्हाइकांना फोन करून यूपीएस, सर्व्हर, स्विच वर उचलायला लावा. हे तुमच्या सेवेच्या करारातच लिहा.

क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर टाकून द्या असं गिऱ्हाईक सांगेल. नाही म्हणायचं, पहिल्या दिवसापासून. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ब नुसार माहीत असून असं सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड होऊ शकतो. शिवाय त्या ॲक्टिव्हेटरमधूनच व्हायरस येतो आणि डेटा गेला की नाव तुमचं खराब. ज्याला परवडत नाही त्याला मोफत असलेली ऑफिस सॉफ्टवेअर टाकून द्या आणि एक तास बसून शिकवा. भावाला कॅमेऱ्यांच्या बाबतीतही हेच सांगा. ९ एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या चाचणीसह नोंदणी लागते. स्वस्तात मिळणारा बिननावाचा माल भरू नये.

ऑफिस सध्या नको. भावाच्या दुकानाचा पोटमाळा पुरे. कारखानदार तुमच्याकडे येत नाही, तुम्ही त्याच्याकडे जाता. भाड्याच्या पैशात इंटरनेटच्या दोन लाइन घ्या, वेगवेगळ्या कंपन्यांच्या. मात्र दोघांच्या वायरी एकाच खांबावरून येत नाहीत ना, ते स्वतः बघून घ्या. रस्ता खोदला की दोन्ही एकदम तुटतात.

कंपनीचं सांगतो. प्रायव्हेट लिमिटेड काढली की उलाढाल शून्य असली तरी ऑडिट करावंच लागतं, दरवर्षी दोन मुख्य फॉर्म भरावे लागतात आणि उशीर झाला तर प्रत्येक फॉर्मला दिवसाला शंभर रुपये. बंद करायलाही खर्च येतो. बाहेरचा गुंतवणूकदार येणार असेल किंवा मोठं गिऱ्हाईक अडून बसलं तर काढा. माझं मत असं की पहिलं वर्ष भावाचं दुकान त्याचं आणि सॉफ्टवेअर तुमचं, दोन वेगळ्या प्रोप्रायटरशिप (एकट्या मालकाचे धंदे) ठेवा. त्याने आणलेल्या गिऱ्हाइकावर त्याला किती टक्के, तुम्ही पाठवलेल्या हार्डवेअरच्या ऑर्डरवर तुम्हाला काय, हे एका कागदावर लिहून दोघांनी सह्या करा. मावशीच्या घरचं नातं आहे म्हणूनच लिहा. दुसऱ्या वर्षी सॉफ्टवेअर विकलं जातंय असं दिसलं तर एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) करा. तिला उलाढाल चाळीस लाखांच्या आणि भांडवल पंचवीस लाखांच्या आत असेपर्यंत ऑडिटची सक्ती नाही.

पहिल्या आठवड्यात उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंद, करा. ती सरकारी पोर्टलवर फुकट होते, त्यासाठी पैसे मागणाऱ्या साइट खोट्या असतात. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर शॉप ॲक्टखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. उद्यमच्या प्रमाणपत्रावर ट्रेडमार्कची फीसुद्धा निम्मी होते, एका वर्गाला नऊ हजारांच्या जागी साडेचार हजार. नाव ठरलं की अर्ज टाका. जीएसटी सेवांना वीस लाखांपर्यंत लागत नाही, पण तुमचं गिऱ्हाईक कारखाना असेल तर नंबर घेतलेला बरा. तुम्ही लावलेला अठरा टक्के कर त्याला परत मिळतो, आणि लॅपटॉपवर भरलेला तुम्हाला. वकिलांच्या कामाचं गणित उलटं आहे, त्यांना तो कर अंगावर पडतो, म्हणून भावाने आपल्या सीएला विचारून ठरवावं.

कर्ज लगेच काढू नका. सहा लाखांतले तीन लाख तुमच्या घरखर्चासाठी वेगळ्या खात्यात टाका आणि त्यांना हात लावू नका. पुढे माणसं ठेवायची वेळ आली तर मुद्रा कर्ज आहे, आणि जिल्हा उद्योग केंद्रातून पीएमईजीपी ही केंद्र सरकारची अनुदानाची योजना आहे. त्यात सेवा उद्योगाला वीस लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो आणि गट व जागेनुसार पंधरा ते पस्तीस टक्के अनुदान मिळतं. ती नव्या उद्योगासाठीच असते, म्हणून सुरू करण्याआधी एकदा केंद्रात जाऊन नियम समजून घ्या.

पैसे वसूल करण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण इथले चांगले चांगले सॉफ्टवेअरवाले त्यावरच बसले. कायदा तुमच्या बाजूने आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर पंधरा दिवसांत द्यावं लागतं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. १ एप्रिल २०२४ पासून आयकरातही अशी थकबाकी प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून धरता येत नाही, म्हणून मार्चमध्ये सीएच स्वतः मालकाच्या मागे लागतो. बिलावर उद्यमचा नंबर ठळक छापा. पण तक्रार करून गिऱ्हाईक टिकत नाही, तेव्हा रचनाच अशी ठेवा की अडकायला फार उरू नये. कामाची ऑर्डर आल्यावर चाळीस टक्के, डिस्पॅचच्या टेबलावर चालू झाल्यावर चाळीस, महिनाअखेरीचा पहिला हिशेब जुळल्यावर वीस. नंतरचं वार्षिक शुल्क वर्षाच्या सुरुवातीला. महिन्याला थोडे थोडे ही पद्धत इथे चालत नाही, दर महिन्याला मागायला जावं लागतं. आणि गिऱ्हाइकाचं डोमेन, क्लाउडचं खातं त्याच्याच नावावर काढा. डेटा अडवून पैसे वसूल करणारे आहेत. तसं करू नका.

राजीनाम्याआधी तुमचं नेमणूकपत्र पुन्हा वाचा. नोकरीत असताना लिहिलेल्या कोडवर कंपनीचा हक्क असल्याचं कलम बहुतेक पत्रांत असतं, कधी कधी घरी बसून लिहिलेल्यावरही. कंपनीच्या लॅपटॉपवर या कामाची एक ओळही लिहू नका, कंपनीच्या मेलवरून भावाला फाइल पाठवू नका. नोटीस पिरियड संपेपर्यंत फक्त कागदावर काम करा: रजा टाकून दोन फाउंड्री आणि दोन मशीन शॉप बघा, त्यांच्या चलनांच्या झेरॉक्स मागून घ्या, सीआर-एमआरवरून झालेल्या गेल्या सहा महिन्यांच्या डेबिट नोटा बघायला मिळाल्या तर त्यातली रक्कम मांडा. ती रक्कम तुम्ही मागणार असलेल्या वार्षिक शुल्काच्या कितीतरी पट निघाली तर राजीनामा द्या. नाही निघाली तर मला पुन्हा लिहा, आपण दुसऱ्या गेटवर बघू. हुपरीच्या चांदीच्या कामात आणि इचलकरंजीच्या सायझिंगमध्येही माल वजनावर बाहेर जातो आणि परत येतो.